सुईण होण्याच्या वाटा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो,

थोड्याच दिवसांत नर्सिंग कौन्सिलकडे तुमची नोंदणी होईल आणि तुमच्या नावापुढे दोन अधिकार लागतील. एक नोंदणीकृत परिचारिकेचा, दुसरा नोंदणीकृत प्रसाविकेचा. पहिल्याबद्दल तुम्ही चार वर्षं ऐकत आला आहात. मी दिल्लीहून आले आहे ती दुसऱ्याबद्दल बोलायला. माझी नोकरी आधी दिल्लीच्या लेबर रूममध्ये आणि मग तिथल्या नर्सिंगच्या वर्गांत गेली. हा दुसरा अधिकार किती जणींनी कागदावरच ठेवला, ते मी जवळून पाहिलं आहे.

आपल्या देशात सुईण होण्याची वाट कधीच एक नव्हती. नवी वाट निघाली की जुन्या वाटेने आलेल्या बाईला दाराबाहेर उभं करायचं, ही आपली रीत झाली आहे. तुम्ही पदवीच्या नव्या वाटेने आला आहात, म्हणून आधीच्या बायांची ओळख तुम्हाला असली पाहिजे.

सगळ्यांत जुनी वाट जन्माने आणि लग्नाने मिळायची. सासू सुईण, म्हणून सून सुईण. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत हे काम मांग समाजातल्या बायका करत. दिल्लीच्या आसपास, हरियाणा-उत्तर प्रदेशात, ते दलित आणि गरीब मुसलमान घरांतल्या दायांकडे असे. नाळ कापणं, वार पुरणं, बाळंतिणीचे कपडे धुणं हे विटाळाचं काम मानलं गेलं होतं, त्यामुळे ते कुणाच्या वाट्याला जायचं हे जातीनेच ठरवून टाकलं होतं. मध्यरात्री जिला हाका मारत बोलावून आणायचं, तिलाच सकाळी ओसरीवरून पायलीभर धान्य देऊन वाटेला लावायचं. तिचं शिक्षण अडलेल्या बाईच्या पाठीशी बसून झालेलं असे. कळा खऱ्या की खोट्या, बाळ पायाळू आहे का, बाईला कधी चालवायचं, कधी उकिडवं बसवायचं, पाठ कुठे दाबायची, हे तिच्या बोटांना ठाऊक असे. थांबायचं कसं हेही तिला कळत असे, आणि ते मी पुढे फार थोड्या डॉक्टरांमध्ये पाहिलं.

तिच्या हातून बाळं दगावतही होती, हे मी झाकणार नाही. मळक्या पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, आणि पहिल्या पंधरवड्यात धनुर्वाताने गेलेलं मूल हे शेकडो वर्षं घडत राहिलं. सरकारने दायांना पाच स्वच्छतांचे धडे दिले: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळेचं टोक. त्या प्रशिक्षणाने, गरोदरपणातल्या टीटीच्या इंजेक्शनांनी आणि पुढे रुग्णालयातल्या बाळंतपणांनी मिळून काम झालं. २०१५ मध्ये भारतातून मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. त्या यशात दायांचाही वाटा होता, पण त्याचे समारंभ झाले तेव्हा त्यांना कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. दिल्लीत जॅनेट चावला यांनी ‘मातृका’ या प्रकल्पातून राजधानीतल्या आणि उत्तरेतल्या इतर भागांतल्या दायांचं ज्ञान त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवून ठेवलं. तुम्हाला वाचनाची आवड असेल तर ते काम जरूर शोधा.

दुसरी वाट वैधव्यातून गेली. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल इथेच ठेवून जावं, अशी ती सोय होती. त्यासाठी त्यांनी पत्रकंसुद्धा लावली. अशाच एका आईचा, काशीबाईंचा, मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून रोज आठवतो. बाळंतिणीची लाज आणि भीती ओळखून तिच्यासाठी सुरक्षित खोली उघडणाऱ्या त्या आपल्या पेशाच्याही पूर्वज आहेत. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी तरुण विधवांना नर्सिंगच्या आणि सुइणीच्या शिक्षणाकडे वळवलं. केशवपन झालेली ब्राह्मण विधवा ससून रुग्णालयाच्या वॉर्डात परजातीच्या बाईचं बाळंतपण करणार, ही त्या काळच्या पुण्याला सहन होणारी गोष्ट नव्हती. तरी त्या गेल्या. ज्या कामाचा विटाळ एका जातीवर लादला होता, त्या कामात दुसऱ्या जातीची बाई पगार घेऊन शिरली. सुइणीच्या कामाला इभ्रत येऊ लागली ती तेव्हापासून. मांगवाड्यातल्या सुइणीला मात्र त्या इभ्रतीतला वाटा मिळाला नाही.

दिल्लीत या शिक्षणाची वाट मिशनच्या बायकांनी उघडली. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत, म्हणून १८८५ मध्ये प्रिसिला विंटर यांच्या स्मरणार्थ सेंट स्टीफन्स रुग्णालय निघालं. १९१६ मध्ये लेडी हार्डिंज कॉलेज सुरू झालं. १९१८ मध्ये घरोघर जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर घडवणारी शाळा निघाली, तीच पुढे लेडी रीडिंग हेल्थ स्कूल म्हणून ओळखली गेली. तिथे शिकलेल्या बाईने गल्लीत जायचं, दायांना गाठायचं, त्यांच्यावर देखरेख ठेवायची. शिकलेली वर आणि करणारी खाली, ही उतरंड तिथे पक्की झाली.

आता तिसरी वाट, सरकारी अभ्यासक्रमाची. १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकला जन्मलेले. १९४६ च्या त्यांच्या अहवालातले दोन आकडे मी प्रत्येक वर्गाला फळ्यावर लिहून दाखवत असे: अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,०००, प्रसाविका सुमारे ५,०००. साठ हजार माणसांमागे एक सुईण. त्याच वर्षी दिल्लीत कॉलेज ऑफ नर्सिंग सुरू झालं आणि नर्सिंगची पदवी देशात आली. आज ते राजकुमारी अमृत कौर कॉलेज म्हणून ओळखलं जातं. पुढच्या वर्षी नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यांसाठी एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, अभ्यासक्रम निघाला.

एएनएमबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण तिच्यावर झालेला अन्याय आपण विसरून गेलो आहोत. गावोगावची ‘नर्सबाई’ म्हणजे तीच. शेतकऱ्याची, मजुराची थोडीशी शिकलेली मुलगी दोन वर्षांचं शिक्षण घेऊन उपकेंद्रात राहायला जायची आणि रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात बाळंतपणं करायची. मग १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायचं सुचवलं. तिचं शिक्षण दीड वर्षावर आलं. तिच्या दिवसात कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं आली, लसीकरणाच्या फेऱ्या आल्या, नोंदवह्यांचा ढीग आला. ही कामं गरजेची होती. पण बाळंतपणाचा सराव तिच्या हातून निसटत गेला, आणि काही वर्षांनी तिलाच विचारू लागले की तुला बाळंतपण का जमत नाही. प्रसाविका हे तिच्या हुद्द्यात राहिलं, कामात उरलं नाही. हा निर्णय दिल्लीच्या एका बैठकीत झाला आणि त्याची किंमत गडचिरोलीपासून मेवातपर्यंतच्या बायकांनी मोजली.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं रुग्णालयात जाऊ लागली. त्या सुमारास देशात संस्थात्मक प्रसूती ३८.७ टक्के होत्या; २०१९-२१ मध्ये त्या ८८.६ टक्के झाल्या. माता-मृत्यूचं प्रमाण २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. महाराष्ट्रात तर ३३ वर. हे मोठं काम आहे. ज्या घरातून आई उठून गेली नाही, त्या घराला या आकड्यांची किंमत विचारा.

पण २०१९-२१ च्याच राष्ट्रीय पाहणीत आणखी एक आकडा आहे. देशातल्या खासगी रुग्णालयांत झालेल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाल्या होत्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. दिल्ली परिसरात या दोन टोकांतलं अंतर मेट्रोच्या काही स्थानकांचं आहे. एकीकडे गुरुग्राममध्ये मुहूर्त बघून तारीख ठरवलेली शस्त्रक्रिया. दुसरीकडे सरकारी लेबर रूममध्ये एका खाटेवर दोघी, कुणाचं कोणीही आत नाही, आणि ‘ओरडू नकोस’ म्हणून दटावणी. पहिलीला सुईण मिळत नाही, दुसरीलाही मिळत नाही. बाळंतपणाच्या पूर्ण वेळात शांतपणे जवळ राहणारं, सगळं सरळ चाललं आहे की नाही हे ओळखणारं, आणि बिघडायला लागताच डॉक्टरांना हाक मारणारं शिकलेलं माणूस, हेच तर या दोन्ही खोल्यांत नाही.

असं माणूस कसं घडतं ते मी एका मल्याळी सिस्टरकडून शिकले. केरळच्या मुलींनी कित्येक दशकं दिल्लीची रुग्णालयं चालवली, हे दिल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि फार थोडे जण बोलून दाखवतात. मी नवखी होते. मेवातहून आलेली पहिलटकरीण, सोबत कुणी आत नाही. सिस्टरने मला स्टुलावर बसवलं, माझा एक हात त्या बाईच्या पोटावर ठेवला आणि सांगितलं, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळात बघ. दहा मिनिटांत किती कळा येतात आणि एकेक किती सेकंद टिकते, ते लिही. मी लिहीत राहिले. तासाभराने मला कळलं की पोट घट्ट होतंय हे मला त्या बाईच्या आधी समजू लागलं आहे, आणि माझा हात तिथे आहे म्हणून ती खाट सोडून पळायचं म्हणत नाही. सिस्टरचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, बाईची बोली आम्हा दोघींना अर्धीच कळणारी. प्रसूतीची प्रगती नोंदवणाऱ्या पार्टोग्राफवरच्या रेघा मी पुस्तकात आधीच शिकले होते. त्या काय सांगतात ते मला त्या रात्री कळलं.

मुलांनो, तुम्हालाही हे सांगते आहे. लेबर रूमच्या पोस्टिंगला मुलग्यांना दाराबाहेर उभं करतात, हे मला ठाऊक आहे. आतल्या बाईची संमती विचारून आत जाण्याचा तुमचा हक्क आहे. तो मागा.

आता सगळ्यांत नवी वाट. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं दिल्लीत जाहीर केली. नोंदणीकृत परिचारिकेने आणखी अठरा महिने शिकून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ व्हायचं, आणि मोठ्या रुग्णालयांतच सुइणींनी चालवलेले वेगळे विभाग उघडायचे, अशी ती योजना. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने आणि पुढे तेलंगण सरकारने हे आधीच करून दाखवलं होतं. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, त्याच्या नावात नर्सिंगच्या जोडीने मिडवाइफरी आली. इंग्लंडमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये शाळेतून निघालेली मुलगी नर्स न होता थेट सुईण होऊ शकते. आपल्याकडे अजून नर्सिंगच्याच दारातून जावं लागतं. माझ्या मते आपल्याकडेही थेट वाट उघडली पाहिजे, आणि त्या वाटेच्या पहिल्या जागा दायांच्या लेकींसाठी राखल्या पाहिजेत. हे ज्ञान त्यांच्या घरात आहे. पदवीही त्यांच्या घरात यावी.

व्यासपीठावर रुग्णालयांचे अधीक्षक बसले आहेत, म्हणून त्यांना थेट विनंती करते. जिने अठरा महिने घालवून हे शिक्षण घेतलं, तिची सहा महिन्यांनी डोळ्यांच्या वॉर्डात बदली करू नका. तिला सरळ बाळंतपणं स्वतः करण्याचा लेखी अधिकार द्या आणि अडचणीच्या वेळी तिच्या हाकेला डॉक्टर धावून येतील अशी व्यवस्था ठेवा. बाळंतिणीसोबत तिच्या माणसाला आत येऊ द्या. केंद्राची तशी सूचना २०१६ पासून आहे. खाटांमध्ये पडदे लावा. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि मुलींनो, तुमच्यातल्या काही दिल्लीला येतील, काही मुंबईला, काही परदेशी परीक्षांच्या तयारीला लागतील. आयसीयूचा पगार बरा असतो, नाव मोठं असतं, मला माहीत आहे. घरची कर्जं आहेत हेही माहीत आहे. तरी पहिल्या नोकरीच्या अर्जात पसंतीचा विभाग विचारतील तिथे लेबर रूम लिहा. केसबुकात ठरावीक संख्या भरण्यासाठी केलेल्या प्रसूती आणि एका बाईजवळ पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत बसून केलेली प्रसूती यांतला फरक तुम्हाला तिथेच कळेल. ज्या गावात नेमणूक होईल तिथली म्हातारी सुईण शोधा, तिच्याकडे जाऊन बसा, ती काय करत असे ते विचारा; चुकीचं असेल ते सोडून द्या, खरं असेल ते वहीत लिहून घ्या, आणि ते तिच्या नावानिशी लिहा.