‘पैसे कधी?’

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतःच लिहून दिले आहे.)



मला ‘जुन्या आठवणी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. पहिल्या उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, गच्चीवर सतरंज्या टाकून घेतलेली पहिली सर्वसाधारण सभा, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. म्हणून मी माझ्या धंद्याची आठवण सांगतो. इथली लहान मुलं अजून मला ‘प्लॉटवाले काका’ म्हणतात. खरं तर २०११ साली मी तो धंदा सोडला आणि मुलाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसायला लागलो. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आज हा विषय काढायचं कारण असं, की गेल्या दोन महिन्यांत आपल्याच सोसायटीतली चार माणसं माझ्याकडे एकाच प्रकारच्या फोनची गोष्ट घेऊन आली. कुणाचा वांगणीला तीन गुंठ्यांचा तुकडा, कुणाचा नेरळला, कुणाच्या सासऱ्यांनी अंबरनाथ पूर्वेला घेऊन ठेवलेला. फोनवरचा माणूस गोड बोलतो. तुमचा प्लॉट बघितला, पार्टी तयार आहे, आज हो म्हणालात तर उद्या टोकन, कॅश. आणि भाव सांगतो तो चालू भावाच्या निम्मा.

हा फोन मी वीस वर्षं केला आहे. म्हणजे आधी फोन नव्हता, आंतर्देशीय पत्र टाकायचो. परळ, गिरगाव, डोंबिवलीच्या चाळींत राहणाऱ्या लोकांनी फंडाचे पैसे घालून बदलापूर-वांगणीला गुंठे घेऊन ठेवले होते. सात-बारा कुणालाही काढता येतो, आणि खरेदीखतावर घेणाऱ्याचा पत्ता असतो. वहीत नावं लिहायची आणि पत्रं टाकायची. दहातले नऊ जण उत्तर देत नसत, नाहीतर समोर आल्यावर शिव्या देत. दहावा भाव ऐकून घ्यायचा आणि एकच विचारायचा, ‘पैसे कधी?’

हे दोन शब्द ऐकले की आम्हाला कळायचं. याला भाव नको आहे, याला तारीख हवी आहे. घरात आजारपण आहे, लग्न आहे, नाहीतर भावाभावांत वाटणी लागली आहे. मग आम्ही भाव वाढवत नसू, तारीख अलीकडे आणत असू.

आता हिशेब सांगतो, कारण तो तुम्हाला कुणी सांगत नाही. समजा प्लॉटला आज ४० लाख येऊ शकतात. आम्ही २० ते २२ सांगणार. वरचे १८ सगळे नफ्याचे नसतात, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. स्वतःच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून सहा-सात टक्के जातात. मोजणी आणायची, कुणी झोपडं टाकलं असेल तर ते हलवायचं, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसे अडकतात त्याचं व्याज. आणि दहा प्लॉटमागे एखाद्याचा कागद असा निघतो, की सगळा फायदा तिथे बुडतो.

कागदाचं तर विचारू नका. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले, तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्र नोंद होत नसे, एकाच सात-बारावर वीस नावं. कुळाची जमीन, पूर्वपरवानगी घेतलेली नाही. वारसनोंद राहिलेली, एक बहीण नाशिकला, तिची सही नाही. उल्हासनगरचं आणखी वेगळं. ती मूळची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी बांधव आले, पुढे जागा त्यांच्या नावावर करून दिल्या. तिथे जाणकार माणूस आधी सनद बघतो. असा कागद अडलेला असेल तर निम्मा भाव हा सुद्धा कधीकधी खरा भाव असतो. कमी भाव सांगणारा प्रत्येक जण चोर नसतो. ज्याला आठ दिवसांत पैसे हवेत त्याला ते कुणीतरी द्यावे लागतात, आणि ते फुकट कुणी देत नाही.

मग चोरी कुठे असते? ते मी माझ्याच उदाहरणावरून सांगतो. माझ्या बायकोशिवाय आजपर्यंत हे कुणाला माहीत नाही.

२६ जुलै २००५. आपल्याला सगळ्यांना ती रात्र पाठ आहे. उल्हास नदी इथे चढली, तिकडे वालधुनीने उल्हासनगर, अंबरनाथ बुडवलं. माझ्या वहीत उल्हासनगरमधल्या एका काकूंचं नाव होतं. बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला चार गुंठे, बिनशेती, कागद स्वच्छ. त्यांनी आधी दोनदा मला नाही म्हटलं होतं. पुरानंतर आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती. गाद्या बाहेर वाळत घातलेल्या, फ्रिज उलटा करून ठेवलेला. काकूंचे यजमान अंगणात खुर्चीवर बसून होते, काही बोलत नव्हते.

मी म्हटलं, ‘काकू, तिकडच्या बाजूला पाणी फार चढलं होतं.’

वाक्य खरं होतं, पाणी तिकडच्या बाजूला चढलंच होतं. पण त्यांचा प्लॉट उंचावर होता. मी दोन दिवस आधी स्वतः जाऊन बघून आलो होतो. तिथे पाणी पोचलंच नव्हतं, गवत हिरवंगार उभं होतं. हे मी बोललो नाही. त्या काही बघायला येऊ शकत नव्हत्या, हे मला दिसत होतं. मी २ लाख ४० हजार सांगितले. त्यांनी यजमानांकडे बघितलं आणि विचारलं, ‘भाऊ, पैसे कधी?’

दुसऱ्या दिवशी २५ हजार इसार दिला, पंधरा दिवसांत आणखी ७५. इसारपावतीत मुदत सहा महिने टाकली. सहा महिने का, तर पुरामुळे गिऱ्हाईक दबकून होतं, मला वाट बघायची होती. माझे एक लाख रुपये आणि त्यांचा अख्खा प्लॉट अडकलेला. डिसेंबरात गिऱ्हाईक मिळालं, ५ लाख २० हजारांना. खरेदीखत सरळ काकूंकडून त्या गिऱ्हाइकाला, मध्ये माझं नाव कुठेच नाही. काकूंना १ लाख ४० हजारांचा चेक. उरलेले २ लाख ८० हजार मला रोख, आणि कागदावर मात्र ‘संपूर्ण रक्कम लिहून देणार यांस पोहोचली’.

नोंदणी कार्यालयात अंगठा लावायच्या आधी काकूंनी चष्मा काढला, पुसला, आणि पहिलं पान वाचलं. हे सहसा कुणी करत नाही. मला म्हणाल्या, ‘भाऊ, हा आकडा कुणाचा?’

मी म्हटलं, ‘काकू, तो कागदाचा आकडा असतो.’

त्या काही बोलल्या नाहीत. सही केली, अंगठा लावला, मला नमस्कार करून गेल्या. पाच लाख वीस हजारांवर कर भरायची वेळ आली असती तर ती त्यांच्यावर आली असती, माझ्यावर नाही. मी पुन्हा त्या घराकडे गेलो नाही. धंदा त्यानंतरही पाच-सहा वर्षं केला. त्या प्रसंगाने मी लगेच सुधारलो, असं सांगितलं तर ते खोटं होईल.

आता माझं म्हणणं एवढंच आहे. आठ दिवसांत पैसे देण्याची किंमत मी त्यांच्याकडून घेतली, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्यांना जे माहीत नव्हतं त्याचीही किंमत मी त्यांच्याकडूनच घेतली. आणि इसारपावतीवर या दोन रकमा वेगळ्या लिहिलेल्या नसतात. त्या तुम्हाला वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

त्यासाठी आज साधनं आहेत, तेव्हा नव्हती. सरकारचा रेडी रेकनर घरबसल्या दिसतो. तो बाजारभाव नव्हे, पण त्याच्याही खाली कुणी मागत असेल तर तिथेच थांबा. आणि कागदावर कमी रक्कम दाखवून तुमचं काही वाचत नाही. सरकारी मूल्य दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर भांडवली नफा त्या मूल्यावरच धरतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शेजारचे व्यवहार किती रुपयांना झाले ते बघता येतं. रस्त्याचंही बघा. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्ग आपल्या तालुक्यातून जातो आहे. अशा कामासाठी जमीन जाणार असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. गावाबाहेरच्या पडीक तुकड्याला अचानक तीन फोन आले, तर त्या माणसाने राजपत्र वाचलेलं असण्याची शक्यता आहे.

पावतीतलं एक वाक्य तर प्रत्येकाने शोधावं. ‘लिहून घेणार अगर ते सांगतील त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देण्याचे लिहून देणार यांनी कबूल केले आहे.’ आमचा सगळा धंदा त्या ‘सांगतील त्या इसमाचे’ मध्ये होता. हे वाक्य असेल तर समोरचा प्लॉट घेत नाही आहे, तुमचाच प्लॉट फिरवणार आहे. फिरवू दे, पण मग मुदत सहा महिने कशाला, ४५ दिवस लिहा. इसार अकरा हजार कशाला, निदान दहा टक्के मागा. आणि कुलमुखत्यारपत्र? ते तर देऊच नका. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेकराराने मालकी जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट केलं आहे. तरीही ते कागद हातात असलेला माणूस तुम्हाला वर्षानुवर्षं छळू शकतो.

लोकांना वाटतं, इसार परत केला की विषय मिटला. मिटत नाही. समोरचा ‘ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या’ असा दावा लावू शकतो, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम असं जडबंबाळ नाव असलेल्या कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हा दावा आणखी भक्कम झाला आहे. दावा लागलेल्या प्लॉटला दुसरं गिऱ्हाईक फिरकत नाही. मग तुम्ही त्याच माणसाकडे, त्याच भावाने परत जाता.

मघाशी चार जण म्हटलं, त्यातल्या एका कुटुंबाने पावतीवर सही करून टाकली आहे. नाव सांगत नाही, ते इथे बसले आहेत. मी ती पावती वाचली. ते वाक्य आहे, आणि मुदत सहा महिने आहे. त्यातले अजून साडेचार महिने बाकी आहेत. त्या माणसाला मी परवा भेटून आलो. वय तिशीचं असेल, मोटरसायकलवर आला होता, हातात माझ्यासारखीच वही होती. मी त्याला म्हटलं, मुदत दोन महिन्यांवर आण, नाहीतर भाव वाढव, आणि दोन्ही लेखी दे. तो म्हणाला, ‘काका, सौदा झालाय.’ मी त्याला पूरवाल्या काकूंची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पण लक्ष मोबाईलकडे होतं. विचार करून सांगतो म्हणाला. रविवारी पुन्हा भेट आहे, आणि आपल्या ए विंगमधल्या वकील मॅडम सोबत येणार आहेत.

बाकी कुणाकडे असे कागद असतील तर दुकान रात्री साडेआठला बंद होतं, त्यानंतर मी घरीच असतो. येताना सात-बारा, फेरफार आणि इसारपावती तिन्ही आणा, झेरॉक्स चालेल. सही केली नसेल तर सही करायच्या आधी या. आणि मला भाव विचारू नका, मी आता सांगत नाही. शेजारचे तीन व्यवहार कसे शोधायचे ते दाखवीन.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवत आहेत. माझी दहा मिनिटं कधीच संपली. खाली जेवणाची पंगत लागली आहे, चला.