उत्क्रांतीचा धडा आणि दहावीचा उंबरठा



शालेय पाठ्यपुस्तकातून एखादे प्रकरण गळाले, तर त्याची वार्ता सहसा घरापर्यंत पोहोचत नाही. उत्क्रांतीच्या बाबतीत मात्र ती पोहोचली. करोनाच्या साथीनंतर अभ्यासाचा भार हलका करावा, या हेतूने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने इयत्ता दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणातील उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ च्या पुस्तकात प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ असे उरले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुल्या पत्राद्वारे आपला विरोध नोंदविला.

हा विषय बारावीत आहेच, असे परिषदेचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. परंतु बारावीचे जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी थोडे. जो वाणिज्याकडे, कलाशाखेकडे अथवा अभियांत्रिकीकडे वळतो, त्याच्यासाठी दहावी हाच या विषयाचा शेवटचा उंबरठा होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाचा दुसरा भाग ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ याच प्रकरणाने सुरू झाला. महाराष्ट्राबाहेर केंद्रीय मंडळाच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाच्या हाती २०२३ मध्ये जे पुस्तक पडले, त्यात मात्र तो भाग नव्हता.

अर्थात, धडा छापला म्हणजे तो शिकविला गेला, असे नव्हे. डार्विनचा मूळ ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. तरीही सुशिक्षितांच्या बोलण्यात तीन गैरसमज अजून आढळतात. पहिला, आजच्या माकडापासून माणूस झाला. वस्तुतः दोघांचे पूर्वज एक, एवढेच विज्ञान सांगते. दुसरा, गरज पडली म्हणून जिराफाची मान लांबली. तिसरा, निसर्गाचा न्याय म्हणजे ‘बळी तो कान पिळी’.

हे गैरसमज व्याख्या पाठ करून जात नाहीत. त्यासाठी वर्गात हिरवे कापड अंथरावे, त्यावर पन्नास हिरवे मूग आणि तितकीच तांबूस मसूरडाळ विखरावी, आणि मुलांना पक्षी होऊन चिमटीने एकेक दाणा झटपट टिपावयास सांगावे. मसूर डोळ्यांत भरते, म्हणून ती अधिक टिपली जाते. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच जातीचा एक दाणा घालून खेळ पुन्हा मांडावा. तीन-चार फेऱ्यांत कापडावर मुगाचे प्राबल्य होते. एकाही दाण्याने रंग बदलला नाही, कोणी कोणाशी झुंजले नाही. प्रमाण तेवढे बदलले. मुळातला भेद, त्याचा वारसा आणि तगून राहण्यातील तफावत या तिन्हींच्या संयोगाला नैसर्गिक निवड म्हणतात. कापड तांबडे अंथरले, तर डाव उलटतो. तेव्हा ‘योग्य’ म्हणजे बलवान नव्हे, तर त्या परिस्थितीला अनुरूप, हेही मुलांना आपोआप उमगते.

या ज्ञानाची गरज केवळ परीक्षार्थीला नाही. क्षयाचा रुग्ण बरे वाटताच गोळ्या सोडतो, तेव्हा औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरून वाढण्याचा धोका संभवतो. कापडावरील मुगाचीच ही गोष्ट. फरक इतकाच, की येथे पणाला रुग्णाचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे प्राण लागतात. डॉक्टर औषधाचा क्रम पुरा करावयास का सांगतात, हे दुकानदारालाही कळले पाहिजे आणि गृहिणीलाही.

शाळेचा उंबरठा ओलांडल्यानंतरही ज्याचे दार उघडे राहते, असे विद्यालय म्हणजे ग्रंथालय. तेथे शाखा विचारली जात नाही की गुणपत्रिका. बालविभागाच्या कपाटात उत्क्रांतीवरील दोन-चार सुबोध मराठी पुस्तके असावीत, आणि सुटीतल्या एखाद्या दुपारी तेथेच मूग-मसुरीचा हा खेळ मांडला जावा. त्याला खर्च मूठभर धान्याचा. आणि शाळेत जे राहून गेले, ते मुलाला मातृभाषेत मिळेल.