पाण्याखाली रेंज नाही, मग टीम चालते कशी?

मी मलकापूरचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये. समुद्र आपल्याला लांबचा वाटतो, पण कोयनेचं पाणी दोन समुद्रांना जातं बघा. कराडला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराला, आणि पोफळीला वीज बनवून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला.

याच अरबी समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी किनाऱ्याजवळ खालच्या पाण्यातला ऑक्सिजन फार कमी होतो. मासे तिथून निघून जातात. ते पाणी कुठवर पसरलंय हे कळणं मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे. गोव्यात दोनापावलाला १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथं 'माया' नावाचं पाण्याखालचं स्वयंचलित वाहन बनलं. आत माणूस नाही, वर केबल नाही.

मग एकच सोडलं तर? अशी वाहनं साधारण सेकंदाला दीड मीटर जातात, म्हणजे आपल्या चालण्याइतकी. २० किलोमीटर जायला जवळपास पावणेचार तास. तेवढ्यात भरतीची ओहोटी व्हायला लागते. आता ऑक्सिजन कमी दिसला तो जागा बदलली म्हणून, की वेळ बदलली म्हणून? एकट्याला सांगता येत नाही. म्हणून चार-पाच वाहनं एकदम हवीत.

आणि खरी गंमत इथं आहे. खाऱ्या पाण्यात वायफाय, जीपीएस काहीच चालत नाही. बोलायचं तर आवाजानं. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. दीड किलोमीटरवरच्या जोडीदाराला हाक मारली की उत्तर यायला दोन सेकंद. दोघं एकदम बोलले तर कुणालाच काही कळत नाही. म्हणून पाळी लावतात. पाच जण, प्रत्येकाला तीन सेकंद. म्हणजे तुमची पाळी १५ सेकंदांनी. तोवर तुम्ही २२ मीटर पुढे गेलेले असता!

त्यामुळे निरोप अगदी छोटा ठेवायचा: मी कुठं आहे, तोंड कुठं आहे, वेग किती. बाकीच्यांनी त्यावरून 'आता तो कुठं असेल' याचा हिशोब करायचा. घड्याळं जुळलेली असली तर आवाज पोचायला लागलेल्या वेळावरून अंतरही कळतं.

आणि निरोप आलाच नाही तर? ते पाण्यात उतरायच्या आधीच ठरवावं लागतं. किती पाळ्या वाट बघायची, कधी एकट्यानं काम पुरं करायचं, बॅटरी किती उरली की वर यायचं. आम्हा सर्व्हरवाल्यांना उत्तर मिलिसेकंदात मिळतं, नाही मिळालं तर पुन्हा विचारतो. तिथं मात्र चूक झाली तर वाहन हरवू शकतं, आणि त्याच्यासोबत आत साठवलेली सगळी मोजमापंही जाऊ शकतात.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेटवर्क गेलं तर काय होईल, हे एकदा लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!