शिडाचे जहाज



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "जहाज आणा नि चार शब्द बोला."

हे मराठी आरमारातले गुराब. १७२९ साली कान्होजी आंग्रे वारले. त्यांच्या आरमारात अशी दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे होती. नाळ टोकदार नि सखल, म्हणून तिच्यावरून समोर तोफा डागता येत.

"हे पुरुषांचे काम, तेही रिकामटेकड्या!" असे शेजारच्या काकू म्हणाल्या. पुरुषांचे कसे ते मला कळेना. आधी कणा, त्यावर बरगड्या, मग सागाच्या पातळ पट्ट्या. गरम पाण्यात भिजल्या की त्या वाकतात. एक पट्टी डावीकडे की लगेच दुसरी उजवीकडे. एकच बाजू भरत गेले तर कणा पिळतो. मोदकाच्या कळ्या सारख्या पाडणाऱ्या बोटांना हे जड नाही. पुढचे तर सगळे शिवणच! शिडे जुन्या मलमलीची, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेली, कडेला बारीक धावदोरा. दोर म्हणजे मेण लावलेला सुती दोरा. मेणाने त्याची लव बसते. सुताराला पट्ट्यांचे पैसे दिले, तेवढाच काय तो खर्च.

सात महिने लागले. रोज दुपारी तीन ते चार. तेवढा तास मी कुणाची आई नाही, सूनही नाही. पहिल्यांदा घरात कुरबुर झाली. आता त्या वेळी कुणी आले तर सासूबाईच सांगतात, "थांबा जरा, ती बंदरात आहे."

जहाज मागच्या टेबलावर ठेवले आहे. जरूर बघा, फक्त दोरांना हात लावू नका.