कवडीची ओळख



'कवडीमोल' हा शब्द आपण सहज वापरतो. पण कवडी म्हणजे काय, असे मुलाने विचारले तर? पुसद-दिग्रसकडच्या बंजारा भगिनींच्या कशिद्यात कवड्या आपण पाहतोच. समुद्र आपल्या जिल्ह्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आणि कवडी हे समुद्रातल्या एका गोगलगाईचे कवच! एके काळी ती नाणे म्हणून चाले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने मालदीव बेटांवरील कवड्यांचा व्यवहार लिहून ठेवला आहे.

नाणे म्हणून चालणाऱ्या कवड्या मुख्यतः दोन जातींच्या. एक पिवळसर, उंचवट्यांची. दुसरीच्या पाठीवर सोनेरी कडे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्यांना 'मोनेटा' व 'ॲन्युलस' अशी नावे दिली. वर्गीकरणाचा आधार होता कवच: आकार, रंग, तोंडाच्या फटीवरील दात.

पण कवच फसवतेही. कवडीचे पिल्लू पातळ कवचाचे, बिनदातांचे असते. ते मोठ्या कवडीसारखे दिसतच नाही. कापडावर शिवण्यासाठी कवडीची पाठ अनेकदा काढून टाकतात. मग ओळखीचे सोनेरी कडेही जाते.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा साक्षीदार बोलावला. प्राण्याच्या मांसाचा लहानसा तुकडा घेऊन पेशीतील तंतुकणिकेच्या एका ठरावीक जनुकाची रचना वाचायची आणि इतरांशी ताडून पाहायची. मेयर आणि पॉले या शास्त्रज्ञांनी कवड्यांवर ही पद्धत तपासली व २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नमुने होते २,००० हून अधिक.

निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या गटाचा आधीच कसून अभ्यास झाला होता, तेथे ओळख चुकण्याचे सर्वांत कमी प्रमाण ४ टक्के. पण अपुऱ्या नमुन्यांवर, केवळ 'इतका फरक म्हणजे वेगळी जात' असे माप लावले, तर चूक किमान १७ टक्क्यांच्या आसपास! कारण उघड आहे. नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन जातींच्या जनुकांत फरक थोडा असतो. उलट दूरदूरच्या किनाऱ्यांवरील एकाच जातीत तो बराच असू शकतो.

म्हणजे नवे यंत्र आले म्हणून जुनी नजर टाकाऊ ठरत नाही. कवच, ठिकाण आणि जनुक या तिघांची साक्ष जुळली, तरच निवाडा पक्का.

विद्यार्थी मित्रहो, समुद्र नसला तरी पावसाळ्यात नाल्याकाठी गोगलगाईंची रिकामी कवचे मिळतात. ती जमवा, तारीख व ठिकाण लिहा, चित्र काढा, वेगवेगळे गट करा. आणि हा गट का केला, ते एका वाक्यात लिहा. शास्त्राची सुरुवात त्या 'का' पासून होते.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या खिशात अशी कवचे सापडली तर कचरा म्हणून फेकू नका. 'ही दोन वेगळी कशावरून?' एवढेच विचारा. विज्ञान म्हणजे केवळ डॉक्टरीची पायरी नव्हे. नीट पाहण्याची आणि घाईने निकाल न देण्याची ती सवय आहे. ती सवय कवडीमोल नाही.