एंजल नंबर ११:११ आणि बायबलमधले देवदूत

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग सेनगावातूनच रेकॉर्ड करतोय. वर्क फ्रॉम होम आहे, लाइट सध्या तरी आहे, त्यामुळे मुद्द्यावर पटकन येतो.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याची मामेबहीण संभाजीनगरला एमपीएससीची तयारी करते. दोन अटेम्प्ट गेले. आता तिने इन्स्टावर बघून 'एंजल हीलिंग' नावाचा कोर्स घेतलाय, साडेतीन हजार भरून. त्यात शिकवतात की घड्याळात ११:११ दिसलं की समजा तुमचा देवदूत बोलायलाय. २२२ दिसलं की थांबा, ५५५ दिसलं की बदल येणार. पुढची लेव्हल घेतली तर 'आर्केंजल मायकल'ला बोलवायची पद्धत शिकवणार, त्याचे सात हजार. पोरगी म्हणते हे बायबलमध्ये आहे. श्रोत्याचा प्रश्न एवढाच: "दादा, खरंच आहे का? मला तिच्याशी भांडायचं नाही, पण सात हजार वाचवायचेत."

प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे 'ग्रंथात लिहिलंय' म्हटलं की विषय संपतो, ग्रंथ उघडून कुणी बघत नाही. मी इंजिनिअर माणूस, आधी डॉक्युमेंटेशन उघडतो. मराठी बायबल फोनवर फुकट मिळतं. तर बघू.

सुरुवात शब्दापासून. हिब्रूत शब्द आहे 'मलाख', ग्रीकमध्ये 'अँगेलॉस'. दोन्हींचा अर्थ साधा आहे: निरोप्या. हे पदाचं नाव आहे, जातीचं नाही. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात गंमत आहे. याकोब गावाकडे परत निघालाय, भावाची भीती आहे. वाटेत त्याला देवाचे दूत भेटतात. दोनच ओळींनी तो स्वतःची माणसं भावाकडे निरोप देऊन पाठवतो. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी शब्द तोच, मलाख. भाषांतरात मात्र एकाला देवदूत म्हणतात आणि दुसऱ्याला नुसता दूत. म्हणजे 'कोण आहे' यापेक्षा 'कुणी पाठवलंय' याला महत्त्व.

आता दिसतात कसे? डोळ्यांसमोर पंख, पांढरा झगा आणि डोक्यामागे वर्तुळ येतं ना? अब्राहामाकडे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात तिघं येतात ते चक्क माणसं म्हणून. तो त्यांचे पाय धुवायला पाणी आणतो, वासरू कापून जेवू घालतो. पंखांचा पत्ता नाही.

पंख आहेत ते वेगळ्यांना. करूब आणि सराफ. सराफ यशयाच्या सहाव्या अध्यायात दिसतात, सहा पंखांचे. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय, दोनांनी उडतात. नावाचा अर्थच जळणारे. करूब त्याहून भारी. यहेज्केलाच्या दृष्टान्तात त्यांना चार तोंडं आहेत: माणूस, सिंह, बैल, गरुड. एदेन बागेच्या वाटेवर पहारा द्यायला करूबच उभे केलेत. शलमोनाच्या मंदिरात त्यांच्या मूर्ती होत्या, दहा हात उंच. ग्रीटिंग कार्डवरची गुबगुबीत बाळं युरोपातल्या चित्रकारांनी आणली. राफाएल नावाच्या चित्रकाराने १५१२ च्या सुमारास काढलेल्या 'सिस्टिन मॅडोना'च्या तळाशी दोन पोरं कोपर टेकवून बसलीत, तीच आज मगवर छापून विकतात. खरा करूब समोर आला तर कुणी सेल्फी काढणार नाही. म्हणूनच लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत देवदूत आला की आधी सांगतो: भिऊ नका.

आता मुख्य मुद्दा, रँक. कोर्सवाले सांगतात की देवदूतांच्या नऊ लेव्हल आहेत आणि मायकल, गॅब्रिएल वगैरे 'आर्केंजल' सगळ्यांत पॉवरफुल.

बायबलमध्ये 'आद्यदेवदूत' हा शब्द दोनदा येतो. फक्त दोनदा. एकदा थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, तिथे नाव नाही. एकदा यहूदाच्या छोट्या पत्रात, तिथे नाव आहे मीखाएल. संपलं. गब्रीएल दानीएलाला भेटतो, जखऱ्याला भेटतो, मरीयेला भेटतो, पण त्याला आद्यदेवदूत असं कुठेच म्हटलेलं नाही. तो स्वतःची ओळख देतो ती एवढीच की मी देवासमोर उभा असतो. तिसरा रफाएल. तो टोबीतच्या पुस्तकात आहे. कॅथलिक बायबलमध्ये ते पुस्तक आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. कॅथलिक चर्च या तिघांचा सण २९ सप्टेंबरला करतं. आपल्याकडच्या मुस्लिम मित्रांना यातली दोन नावं लगेच ओळखू येतील: जिब्रील आणि मीकाईल.

मग नऊ लेव्हल आल्या कुठून? पौल दोन पत्रांत काही अदृश्य सत्तांची नावं घेतो, राजासनं, स्वामित्वं, सत्ता, अधिकार अशी. पण इफिसकरांच्या पत्रातली यादी आणि कलस्सैकरांच्या पत्रातली यादी जुळत नाही, क्रमही वेगळा. तो काही तक्ता मांडत नव्हता, हे सगळं ख्रिस्ताच्या खाली आहे एवढंच त्याला सांगायचं होतं. मोठा धर्मपंडित ऑगस्टीन, पाचव्या शतकातला, त्याने सरळ लिहून ठेवलंय की या नावांमध्ये फरक काय ते मला माहीत नाही, ज्याला सिद्ध करता येईल त्याने सांगावं.

त्यानंतर साधारण ५०० सालाच्या आसपास एका लेखकाने ग्रीकमध्ये पुस्तक लिहिलं आणि ही सगळी नावं, करूब, सराफ, आद्यदेवदूत, साधे देवदूत, सगळी गोळा करून तीन-तीनचे तीन थर लावले. वर सराफ, सगळ्यांत खाली साधे देवदूत. आणि हो, आद्यदेवदूत खालून दुसरे! म्हणजे सात हजार भरून जो सगळ्यांत पॉवरफुल म्हणून बोलवायचा, तो ज्या तक्त्यातून उचललाय त्याच तक्त्यात आठव्या नंबरवर बसतो. एखाद्या कंपनीचे चार ईमेल वाचून अख्खा ऑर्ग चार्ट काढावा तसा हा प्रकार. 'हायरार्की' हा शब्दही याच लेखकाने घडवला. आपल्या एचआरला माहीत नसेल, पण हा शब्द देवदूतांच्या चर्चेतून आलाय.

या लेखकाने स्वतःचं नाव दिलं नाही. पौलाचा अथेन्समधला शिष्य दिओनुस्य, त्याच्या नावाने लिहिलं. आजच्या भाषेत फेक प्रोफाइल. जवळपास हजार वर्षं लोकांनी ते खरं मानलं, पंधराव्या शतकात लोरेंझो व्हाला या अभ्यासकाने शंका काढली. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. थॉमस अक्वायनससारख्या माणसाने ते गंभीरपणे घेतलं, कॅथलिक परंपरेत त्याला मान आहे. पण ते शास्त्र नाही, शास्त्रावरचा एक विचार आहे. हा फरक कोर्सच्या पीडीएफमध्ये नसतो.

आता नंबर. इथे मला खरंच हसू येतं. १११ मध्ये तीन सारखे आकडे दिसतात कारण आपण स्थानिक किंमतीची पद्धत वापरतो, एकक-दशक-शतक, आणि ती पद्धत भारतातली. बायबल लिहिणाऱ्यांकडे ती नव्हतीच. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरांनी आकडे लिहायचे. हिब्रूत १११ म्हणजे तीन वेगवेगळी अक्षरं, शंभराचं वेगळं, दहाचं वेगळं, एकाचं वेगळं. प्रकटीकरणातला प्रसिद्ध ६६६ सुद्धा ग्रीकमध्ये तीन वेगळ्या अक्षरांत लिहायचे. त्यामुळे 'सारखे आकडे दिसले' हा संकेत त्या काळच्या माणसाला दिसलाच नसता. बायबलचे अध्यायही तेराव्या शतकात पाडले, नव्या कराराच्या ओळींना आजचे नंबर १५५१ मध्ये मिळाले.

'एंजल नंबर' जगभर पसरवले ते अमेरिकेतल्या डोरीन व्हर्च्यू नावाच्या लेखिकेने, या शतकाच्या पहिल्या दशकात. पुस्तकं, कार्डं, सगळं. २०१७ मध्ये त्याच बाईंनी हे सगळं सोडलं, ख्रिस्ती झाल्या आणि आपली जुनी पुस्तकं वापरू नका म्हणून स्वतःच सांगायला लागल्या. कोर्स मात्र चालू आहेत.

आणि ११:११ सारखं का दिसतं? दिवसातून शंभर वेळा फोन बघितल्यावर काय होणार? १०:४७ लक्षात राहत नाही, एवढंच.

आता 'बोलवणं'. बायबलमध्ये देवदूत पाठवला जातो. माणसाने मंत्र म्हणून, नंबर बघून त्याला बोलावून घेतलंय असं कुठेच नाही. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात देवदूत तुला सांभाळतील असं वचन आहे. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तेच वचन सैतान येशूला ऐकवतो: मार उडी, झेलतील तुला. आणि येशू नाही म्हणतो. वचन खरं असलं तरी त्याची डेमो मागायची नाही.

प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पाया पडायला जातो. देवदूत त्याला अडवतो, म्हणतो मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, देवाला नमन कर. कलस्सैच्या पत्रात देवदूतांच्या पूजेविरुद्ध सरळ इशारा आहे. पौल तर करिंथकरांना म्हणतो की आपण देवदूतांचा न्याय करणार आहोत. म्हणजे रँकच काढायची झाली तर माणूस काही फार खाली नाही. हे ज्या पोरीला दोन अटेम्प्टनंतर वाटायलंय की आपल्यात काही दम नाही, तिला कुणी सांगत नाही. तिला पुढची लेव्हल विकतात.

आपल्याला हे जरा वेगळं वाटतं, कारण आपण दूताला पुजतो. मारुती रामाचा दूत म्हणून लंकेत गेला आणि आज गावोगावी वेशीवर त्याचं देऊळ आहे. त्यात वाईट काहीच नाही, ती आपली भक्ती आहे. फक्त बायबलचा देवदूत त्या जागी बसायला तयार नाही. सतराव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्सला हीच अडचण आली असणार. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. त्यात देवदूतांची निर्मिती आहे, लुसिफरचं पतन आहे, आणि स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ. ज्या ओवीत ज्ञानेश्वरी आहे, त्याच ओवीत गब्रीएल मरीयेकडे येतो. आमच्या सेनगावापासून नामदेवांचं नर्सी जवळच आहे, त्यामुळे ओवी-अभंग कानावर असतातच. ख्रिस्तपुराण वाचताना भाषा जुनी वाटते, पण परकी वाटत नाही.

तर श्रोत्या भावा, बहिणीशी भांडू नको. तिला लूकचा पहिला अध्याय वाचायला दे, वीस मिनिटं लागतील, एक रुपया नाही. साधं मराठी हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' बघ. तेच दिब्रिटो, जे २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणि सात हजार भरायच्या आधी कोर्सवाल्यांच्या ग्रुपवर तिला एकच मेसेज टाकायला सांग: "कोणतं पुस्तक, कोणता अध्याय, कोणती ओळ?" काय उत्तर आलं ते मला कळव.