चेंडूमागे धावणारी मुले आणि आपली शिष्यवृत्ती
(मांजरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ऊस आणि द्राक्षे यांवर संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था ज्या मांजरीत आहेत, तेथे आम्ही शेतीविषयी बोलू अशी कोणाची अपेक्षा असल्यास तिचा भंग होणार आहे. आम्ही फुटबॉलविषयी बोलणार आहोत, आणि त्याचे कारण आमच्या दृष्टीने काहीसे लाजिरवाणे आहे.

गतवर्षी शिष्यवृत्ती समितीपुढे याच परिसरातील एका मुलाचा अर्ज आला. वय 14. मागणी बुटांची, आहाराची आणि बालेवाडीपर्यंतच्या प्रवासखर्चाची. परीक्षेतील टक्केवारी पाहिल्यावाचून साहाय्य देऊ नये, हा आपला नियम. अर्ज दोन मिनिटांत निकालात निघाला. समितीत आम्हीही होतो. ‘खेळून का कोणाचे पोट भरते?’ हे उद्गार आमचेच होते. घरी परतल्यावर तेच आम्हांला टोचू लागले, म्हणून आम्ही थोडी चौकशी केली.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे नाव आपल्यापैकी तरुणांनी ऐकले असेल. जन्म 2000 सालचा, रिक्षाचालकाचा मुलगा. त्याची ज्ञाती कोणती, हे आम्ही पाहिले नाही व पाहण्याचे प्रयोजनही नाही. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ उतरवितात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम माणसांनी फुलून जाते. (आम्ही एकदाच तेथे गेलो होतो; घसा बसल्यामुळे पुढचे दोन दिवस मुक्याने काढावे लागले.) अशा गावातून हा मुलगा लहान वयातच घर सोडून पुण्याच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत आला, पुढे पुणे एफ.सी.च्या प्रशिक्षण केंद्रात वाढला. आईबापांनी त्या वयाचे पोर वसतिगृहात ठेवले, तेव्हा त्यांच्या हाती कोणती हमी होती? कोणतीही नव्हती.

ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली. अनिकेत भारतीय संघात होता. भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. येथे अनेकांनी वर्तमानपत्र मिटून ठेवले असेल. परंतु पुढच्याच महिन्यात त्या मुलांतूनच बहुतांशी उभा राहिलेला इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरला आणि गोव्यात पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीला 3-0 असे हरविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे. प्रौढ, कसलेल्या खेळाडूंविरुद्ध सतरा वर्षांच्या मुलाने केलेले! त्यानंतर जमशेदपूर, मग हैदराबाद. आणि मार्च 2022 मध्ये वरिष्ठ राष्ट्रीय संघाचे बोलावणे.

पोट भरते की नाही, याचे उत्तर मिळाले असे वाटून आम्ही येथेच थांबणार होतो. परंतु दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या दाराशी आहे. 2014 ते 2017 या काळात पुण्यात चार व्यावसायिक संघ खेळून गेले. पुणे एफ.सी. आणि भारत एफ.सी. यांनी 2015 नंतर मैदान सोडले. लोणी काळभोरला प्रशिक्षण केंद्र असलेला डी.एस.के. शिवाजियन्स 2017 मध्ये बंद पडला, एफ.सी. पुणे सिटी 2019 मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. म्हणजे अनिकेत पुढे ज्या हैदराबादकडून खेळला, तो संघ एका अर्थाने पुण्याच्याच संघाच्या जागी उभा होता. मालकाचा हिशेब चुकला की संघ मिटतो आणि वीस वर्षांच्या मुलाला नवे गाव शोधावे लागते. शिवाय गुडघा एकदा दुखावला की सारेच संपण्याचा संभव असतो. विश्वचषकातील त्या एकवीस मुलांपैकी प्रत्येकाला सारखेच यश लाभलेले नाही.

म्हणून ‘मुलांना शाळेतून काढा आणि मैदानावर पाठवा’ असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमची सूचना मर्यादित आहे. शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी दोन जागा खेळणाऱ्या मुलामुलींसाठी राखाव्यात. टक्केवारीऐवजी प्रशिक्षकाचे पत्र पाहावे. दहावीच्या परीक्षेला बसण्याची अट मात्र कायम असावी. दुखापत झाली तरी ते वर्ष पुरे होईपर्यंत साहाय्य थांबवू नये. ही शेवटची अट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्या दिवशी मूल लंगडत घरी येते, त्याच दिवशी घरातील वडीलधारे ‘आम्ही सांगत होतोच’ असे म्हणतात.

कोषाध्यक्ष आमच्याकडे रोखून पाहत आहेत, ते आमच्या ध्यानात आले आहे. रक्कम त्यांनीच ठरवावी.

गतवर्षीचा तो मुलगा आज मंडपात मागे बसला आहे. त्याने या वर्षी अर्ज केलेला नाही. का केला नाही, असे आम्ही सकाळी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, नियम तोच आहे ना?” दुपारच्या सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत; त्यास अनुमोदक हवा आहे.